जुनी जिप्सी किंग: ६० च्या आसपास स्टिअरिंग झटके देतं, पुढून ठोका येतो. नेमकं काय गेलंय?

सह्यवाट (कराड)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००३ ची जिप्सी किंग आहे, सॉफ्ट टॉप. मागच्या हिवाळ्यात घेतली. इंजिन खणखणीत आहे, चासीला गंज नाही, फोर व्हील लो-हाय दोन्ही व्यवस्थित लागतं. तक्रार आहे ती खालच्या बाजूची.

हायवेला ५५ ते ६५ च्या दरम्यान पुलाचा जोड किंवा डांबराचा उंचवटा लागला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटके द्यायला लागतं. घट्ट धरलं तरी थांबत नाही. वेग ४० च्या खाली आला की आपोआप शांत होतं. प्रत्येक वेळी होतं असं नाही, पण होतं तेव्हा शेजारी बसलेला माणूस घाबरतो.

खराब रस्त्यावर हळू चालवताना पुढून 'टक्क' असा ठोका येतो. ब्रेक दाबला की एकदा, सोडला की परत एकदा. गाडी मागून पाहिली तर उजवीकडे झुकलेली दिसते. आणि पुढच्या डाव्या टायरच्या कडेवरून हात फिरवला तर खाचखळगे लागतात.

एका गॅरेजने सांगितलं, चारही शॉकअप नवे टाका आणि स्टिअरिंग डॅम्पर बदला. दुसऱ्याने सांगितलं, पाटे (लीफ स्प्रिंग) बसलेत, पूर्ण सेट टाका. दोघांनीही गाडीखाली डोकावून पाहिलं नाही, चक्कर मारून आले आणि यादी दिली. खर्चाला माझी ना नाही, पण आधी काय गेलंय ते कळू दे. घरी जॅक, दोन घोड्या (जॅक स्टँड), पाने आणि एक पहार आहे. मदतीला धाकटा भाऊ आहे. सुरुवात कुठून करू?

जांभा_दगड (चिपळूण)

माझ्या जिप्सीला अगदी हेच होत होतं. नवा स्टिअरिंग डॅम्पर टाकला, झटके बंद. कुंभार्ली घाटातून नेहमी ये-जा असते, काही त्रास नाही. आधी तेवढं करून बघा, स्वस्तात काम होईल.

रानवाटा (पुणे)

जांभादादा, झटके थांबले हे खरं, पण ते ज्यामुळे येत होते तो भाग अजून तुमच्या गाडीतच आहे. डॅम्परचं काम एवढंच, की चाकाला दगड लागला तर त्याचा धक्का हातापर्यंत जसाच्या तसा येऊ नये. सांधा ढिला झाला असेल तर डॅम्पर तो प्ले (सांध्यातली ढिलाई) सोसत राहतो आणि काही महिन्यांनी स्वतःच ढिला पडतो. मधल्या काळात टाय रॉड एंड (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक) झिजतच असतो, आणि तो तुटला तर एक चाक एकीकडे आणि दुसरं दुसरीकडे. घाटात तर हा विषय टाळूच नये. तुम्हीही एकदा खालून बघून घ्या, कळकळीने सांगते.

सह्यवाट, आधी हे होतं कसं ते सांगते, म्हणजे शोधायचं काय ते कळेल. पुढची दोन्ही चाकं टाय रॉडने एकमेकांना बांधलेली असतात. चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस वरून थोडा मागे कललेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात, आणि त्यामुळेच चाक आपोआप सरळ येऊ बघतं. उंचवट्याने चाक जरा वळलं की ते सरळ यायला निघतं. सांधे घट्ट असतील तर तिथेच थांबतं. प्ले असेल तर सरळच्या पुढे निघून जातं, मग टायर त्याला परत ओढतो, मग ते पलीकडे जातं. मॉलमधल्या ढकलगाडीचं एखादं चाक फडफडतं तसंच हे. ठरावीक वेगाला ही फडफड दर हेलकाव्याला वाढत जाते, म्हणून तुम्हाला ती ५५ ते ६५ लाच भेटते.

परत झालं तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा पण त्याच्याशी कुस्ती खेळू नका, आणि ब्रेक हलक्या पायाने. जोरात ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या ॲक्सलवर येतं आणि झटके वाढू शकतात.

सुरुवात टायरपासून करा. हवा चारही चाकांत मोजून भरा. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल असेल तर खरवडून काढा, मूठभर मातीनेही बॅलन्सिंग बिघडतं. मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून त्याच रस्त्याने जा. झटक्यांचा वेग किंवा जोर बदलला तर टायरचा वाटा आहे. काहीच बदललं नाही तर टायर सोडून द्या आणि गाडीखाली जा. टायर किंवा बॅलन्सिंग बहुतेक वेळा फक्त ठिणगी टाकतं. जळण दुसरीकडे असतं.

जंगलफिटर (चंद्रपूर)

रानवाटा ताईंनी बरोबर सांगितलं जी. मी ताडोबाच्या मोहर्ली भागातल्या सफारी जिप्स्यांचं काम करतो. मागे वर चढवलेल्या सीटा, सहा पर्यटक, गाइड, ड्रायव्हर, आणि दिवसभर मातीचा पन्हाळी पडलेला रस्ता. पावसाळ्यात कोअर बंद असतो तेव्हा सगळ्या गाड्या उघडतो. त्यामुळे या गाडीचं काय आधी जातं ते हाताला माहीत झालं आहे.

भाऊ, पहिली तपासणी गाडी जमिनीवर उभी असतानाच करा. जॅक लावू नका. चाकावर वजन असलं की सांध्यावर खरा भार येतो, वर उचललेल्या गाडीत अर्धे दोष लपून बसतात. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. डॅम्पर असेल तर त्याचं एक टोक सोडून बाजूला बांधून ठेवा. धाकट्याला स्टिअरिंगवर बसवा आणि सांगा, पूर्ण वळवायचं नाही, फक्त घड्याळाचा काटा अकरावरून एकवर जाईल एवढं डावी-उजवी हलव, आणि थांबू नको.

आता तुम्ही खाली जाऊन एकेका सांध्यावर तळहात ठेवा. डोळ्याला जे दिसत नाही ते हाताला लागतं. स्टिअरिंग बॉक्सपासून सुरू करा. बॉक्स चासीला ज्या बोल्टांनी धरला आहे तिथे बॉक्स हलतो का? चासीला तिथे चीर आहे का? मग बॉक्सचा आर्म, मग त्या आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकची दोन टोकं, मग टाय रॉडची दोन टोकं. प्रत्येक जागी प्रश्न एकच: अलीकडचा तुकडा हलला आणि पलीकडचा उशिरा हलला, असं होतं का? जिथे उशीर, तिथे प्ले. सांध्याचं रबर फाटलेलं असेल आणि आत ग्रीसच्या जागी लाल माती असेल तर हात न लावताही तो गेलेला समजा.

स्टिअरिंग बॉक्सवर एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो. कोणी म्हणेल तो कसा, सगळं ठीक होईल. बाकी सांधे तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका. आणि लावायचाच झाला तर चाकं अगदी सरळ ठेवून, थोडाथोडा. जास्त कसला तर स्टिअरिंग वळणावरून परत येत नाही आणि आतले दातरे खराब होतात.

यानंतर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर डावी-उजवी वळतं ती. या गाडीत बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. आता जॅक लावा, पुढचं एक चाक वर, ॲक्सलखाली घोडी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे कायमचं लक्षात ठेवा. चाक वरून आणि खालून धरा, बाराला आणि सहाला. आत-बाहेर हलवा. प्ले लागला तर धाकट्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेकने हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि नकल (ॲक्सलच्या टोकाचा वळणारा भाग) एक होतात. म्हणून ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा. एवढ्या एका गोष्टीने नको ते काम वाचतं, कारण बेअरिंग समजून पूर्ण हब उघडणारे खूप पाहिले.

मग चाक तीनला आणि नऊला धरून हलवा. वर-खाली प्ले नाही पण आडवा आहे, तर परत टाय रॉडकडे बघा.

पाटेवाला_कोल्हापूर

आमच्या घरी ट्रकच्या पाट्यांचं काम आहे, म्हणून झुकण्याबद्दल मी सांगतो. पाटे बसलेत हे चक्कर मारून कळत नाही दादा. मोजावं लागतं.

सपाट जागा बघा, फरशी किंवा पेट्रोल पंपाचं काँक्रीट. टाकी किती भरली आहे, मागे सामान किती आहे ते लिहून ठेवा. मडगार्डपासून मोजू नका, बॉडी स्वतःच वाकडी असू शकते. चासीच्या खालच्या कडेपासून ॲक्सलच्या नळीपर्यंत मोजा, चारही बाजूंना. डाव्या-उजव्यात एखाद-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक असेल तर सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर पुढे चला.

आता झुकाव पुढच्या पाट्यांमुळे की मागच्या, हे ओळखायची एक युक्ती आहे. गाडीच्या मागे चासीचा जो आडवा तुकडा आहे, त्याच्या अगदी मध्यावर जॅक लावा आणि मागचा भार पाट्यांवरून थोडा कमी होईल एवढा उचला. जॅक मध्यावर असल्यामुळे मागचे पाटे गाडीला कुठल्याच बाजूला ढकलू शकत नाहीत. तरीही गाडी झुकलेलीच राहिली तर दोष पुढच्या पाट्यांत. सरळ झाली तर मागच्या. मग तेच पुढून करून खात्री करा.

पाटा साफ करून बघा, तारेचा ब्रश मारून. मुख्य पाट्याला डोळ्याजवळ (टोकाच्या गोल भोकाजवळ) आणि मधल्या बोल्टाजवळ चीर पडते, आणि चिरेतून गंजाचा लाल ओघळ येतो. क्लिप तुटलेली असेल तर पाटे पंख्यासारखे सरकतात. पाटा ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट ढिले झाले की मधल्या बोल्टावर सगळा भार येतो आणि तो कापला जातो. मग ॲक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. ते ओळखायला दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी आहे. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत, हे जास्त महत्त्वाचं.

थंड पाटा घणाने ठोकून कमान चढवून देणारे भेटतील. थोडे दिवस गाडी उंच दिसते, मग परत बसते. कमान चढवून पाटा परत तापवून पाणी दिलं तरच ती टिकते. हे ज्याच्याकडे होतं त्याच्याकडेच द्या, नाहीतर नवाच घ्या.

आणि एक. कोणी पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) टाकली आहे का बघा. जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली येतं, ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. गाडी उंच दिसते खरी, पण स्टिअरिंग सरळ यायची ताकद जाते. नव्या पाट्यांनी हा दोष जाणार नाही.

वाळूवाट (मस्कत)

मी मूळचा सांगलीचा, इकडे निसानची पॅट्रोल ही गाडी चालवतो. पुढे सॉलिड ॲक्सल आहे पण पाटे नाहीत, कॉइल आहे. त्यामुळे माझ्याकडे झटके आले की पहिला संशय पॅनहार्ड रॉडच्या बुशवर (टोकातल्या रबरी नळीवर). तुमच्या गाडीत तो रॉड नाही, ॲक्सलला आडवं धरायचं काम पाटेच करतात. म्हणजेच ते काम पाट्याच्या बुशांवर येतं. शॅकलचे बुश गेले की संपूर्ण ॲक्सल आडवा सरकतो. भाऊ स्टिअरिंग हलवत असताना नुसता टाय रॉड बघू नका, चासीच्या मानाने ॲक्सल डावी-उजवीकडे सरकतोय का तेही बघा. हे सुटून जातं बहुतेकांचं.

ब्रेक दाबला-सोडला की ठोका, यावरून मला बुश किंवा यू बोल्टच वाटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश पुढे न्या आणि ब्रेक दाबा, मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्या माणसाने बाजूला सुरक्षित अंतरावर बसून पाट्याच्या दोन्ही टोकांकडे बघायचं. बुश गेला असेल तर बोल्ट डोळ्याच्या मध्यावर दिसत नाही, एका कडेला टेकलेला असतो आणि ब्रेकसरशी उडी मारतो.

शॉकअपबद्दल. बंपर दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची पद्धत पाट्यांच्या गाडीला लागू पडत नाही. पाटे एकमेकांवर घासूनच हालचाल थांबवतात, त्यामुळे मेलेला शॉकअपही पास होतो. त्यापेक्षा इकडच्या पन्हाळी रस्त्यावर आम्ही करतो ते करा: वीसेक मिनिटं खराब रस्त्याने चालवून थांबा आणि चारही शॉकअपच्या नळीला हात लावा, जपून. काम करणारा शॉकअप गरम होतो, कारण तो हालचालीची उष्णता करतो. जो गार आहे तो काम करत नाही. शंका राहिली तर खालचं टोक सोडून हाताने दाबा-ओढा. मध्येच कुठे पोकळ लागलं तर गेला.

बुश टाकताना पॉलियुरेथेनचे टाका. रबर एका उन्हाळ्यात चिरतं.

जंगलफिटर (चंद्रपूर)

वाळूवाट भाऊ, बाकी सगळं पटलं, पॉलीचं नाही पटलं. पाट्याच्या गाडीत बुशला वळावंही लागतं आणि पिळावंही लागतं. एक चाक खड्ड्यात आणि एक वर असलं की पाट्याचा डोळा तिरका होतो. रबर ते सोसतं. कडक पॉली सोसत नाही, तो भार चासीच्या हँगरवर (पाटा जिथे अडकवलेला असतो त्या ब्रॅकेटवर) टाकतो. आमच्याकडे कडक पॉली लावलेल्या गाड्यांचे हँगर चिरलेले आले आहेत. चांगल्या प्रतीचं रबर मिळालं तर मी रबरच टाकतो.

वाळूवाट (मस्कत)

पॉलीतही मऊ-कडक असतं. आणि वाळूत ५० अंशांच्या उन्हात रबराचं काय होतं ते इथे येऊन बघा. पण चंद्रपूरचं ऊनही काही कमी नाही, त्यामुळे तुमचा अनुभव मी मोडीत काढत नाही. ज्याला पूर्ण आर्टिक्युलेशन (खडबडीत जागी चाकं मोकळी वर-खाली होणं) हवंय त्याने रबर, जो जास्त करून रस्त्यावर चालवतो त्याने मऊ पॉली, असं म्हणून थांबतो.

रानवाटा (पुणे)

रबर टाकणार असाल तर दोन गोष्टी. बुशला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर फुगून मऊ पडतं. बसवताना साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस. आणि शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, पाटा नेहमीच्या उंचीला असताना. गाडी वर टांगलेली असताना आवळले तर खाली उतरवल्याबरोबर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. घाईत काम उरकणाऱ्या ठिकाणी हे हमखास होतं.

करकर येत असेल तर पाण्याची बाटली घेऊन एका वेळी एकाच बुशवर पाणी मारा आणि गाडी हलवा. ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबला तोच बुश.

सह्यवाट (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार दोघे भाऊ गाडीखालीच होतो. सापडलं ते असं:

टायर पुढे-मागे केल्यावर झटके जरा कमी झाले पण गेले नाहीत. गाडी जमिनीवर ठेवून स्टिअरिंग हलवलं तेव्हा बॉक्स पक्का, ड्रॅग लिंक पक्की. टाय रॉडच्या डाव्या टोकाला उशीर हाताला स्पष्ट लागतो, रबरही फाटलंय. वाळूवाट यांनी सांगितल्याप्रमाणे ॲक्सलकडे बघितलं तर तो दोन-तीन मिमी आडवा सरकतोय, डाव्या शॅकलच्या खालच्या बुशपाशी. ब्रेक दाबल्यावर तिथलाच बोल्ट उडी मारतो, ठोका तिथलाच.

डावं चाक बारा-सहाला हलवलं तर प्ले आहे आणि ब्रेक दाबल्यावर तसाच राहतो. उजव्याला किंचित होता, ब्रेक दाबल्यावर गेला.

झुकाव मागच्या पाट्यांचा निघाला. मागे मध्यावर जॅक लावल्यावर गाडी सरळ झाली. मागचा उजवा पाटा साफ केला तर दुसऱ्या पानाला क्लिपजवळ चीर आहे, लाल ओघळासकट. व्हीलबेस दोन्हीकडे सारखा. शॅकल मूळचीच वाटते.

शॉकअप तीन गरम, पुढचा डावा गार.

आता किंगपिनचं काय करायचं? शिम (पातळ चकत्या) काढून घट्ट करता येतं असं वाचलं.

जंगलफिटर (चंद्रपूर)

छान तपासलं भाऊ. डावा शॉकअप गार आणि त्याच टायरला खाचखळगे, दोन्ही एकमेकांना धरून आहेत. उजव्या चाकाचा प्ले ब्रेकने गेला म्हणजे तिथे व्हील बेअरिंगची ॲडजस्टमेंट, किंगपिन नाही. बेअरिंग काढून धुऊन बघा, रोलर किंवा वाटीवर डाग, खाच नसेल तर ग्रीस भरून परत सेट करा.

डावा किंगपिन. नकलच्या वर आणि खाली एकेक किंगपिन, प्रत्येकाला आपलं बेअरिंग, आणि टोपीखाली पातळ शिम. शिम काढली की बेअरिंगवर दाब वाढतो, हे खरं. पण आधी बेअरिंग कुठल्या अवस्थेत आहे ते बघा. टाय रॉड नकलपासून सोडा. चाक काढा. ॲक्सलच्या टोकाच्या गोळ्यामागच्या सीलचे बोल्ट ढिले करून सील मागे सरकवा, नाहीतर सीलचं घर्षण मापात येतं. आता नकल हाताने अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. सरळच्या जागी 'खट' करून अडकल्यासारखं लागलं तर बेअरिंगच्या वाटीत रोलरच्या खाचा पडल्या आहेत. गाडी आयुष्यभर जास्त सरळच चालते, म्हणून खाचा सरळच्या जागीच पडतात. अशा बेअरिंगला शिम काढून घट्ट केलं तर झटके थोडे दिवस थांबतील आणि स्टिअरिंग मधोमध अडकायला लागेल. सरळ वर-खालची दोन्ही बेअरिंगं वाट्यांसकट बदला.

खाचा नसतील तर स्प्रिंगचा काटा घ्या, मासळीवाले पूर्वी वापरायचे तसला आकड्याचा. टाय रॉडच्या भोकात आकडा अडकवा आणि आर्मशी काटकोनात ओढा. नकल हलायला लागते तेव्हाचा आकडा बघा. सील सोडलेलं असताना साधारण एक ते दोन किलोच्या दरम्यान जोर लागला पाहिजे, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. नुसत्या बोटाने ढकलली आणि गेली तर दाब संपला आहे. वरून आणि खालून सारख्या शिम काढा, एकाच बाजूच्या काढल्या तर नकल मध्यावरून सरकते.

उघडलंच आहे तर आत ग्रीस कसं आहे ते बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, मागचं सील बदला. पातळ होऊन गिअर ऑइलचा वास येत असेल तर ॲक्सलच्या आतलं सील गेलंय, डिफरन्शिअलचं ऑइल नकलमध्ये येतंय. ते तसंच ठेवून नवं ग्रीस भरलं तर परत धुऊन जाईल.

टाय रॉड एंड घेताना जुना सोबत न्या. १९९३ ला वाइड ट्रॅक आली तेव्हा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) ९० मिमीने वाढला, त्यामुळे त्याआधीच्या गाडीचा टाय रॉड तुमच्या किंगला चालणार नाही. दुकानात 'जिप्सीचा द्या' म्हटलं की कुठलाही हातात येतो.

पाटेवाला_कोल्हापूर

चिरलेल्या पानाचा पाटा वेल्डिंग करू देऊ नका. स्प्रिंगचं स्टील वेल्डिंगच्या उष्णतेने तिथेच ठिसूळ होतं, आणि शेजारून तुटतं. फक्त ते पान बदलता येतं, पण डाव्या-उजव्या कमानीत परत फरक राहील. मागची जोडी एकत्र करा. पुढचे पाटे मापात असतील तर त्यांना हात लावायची गरज नाही, पूर्ण सेटचा खर्च वाचला तुमचा.

यू बोल्ट नवे घ्या. एकदा ताणले गेलेले परत आवळले की पकड राहत नाही.

थारवाली_नाशिक

मध्येच विचारते. माझी २०१४ ची थार सीआरडीई आहे, पुढे पाटे नाहीत. बारा-सहाची तपासणी केली तर काहीच प्ले लागला नाही, पण खड्ड्यात ठोका येतो. हीच पद्धत चालेल का?

रानवाटा (पुणे)

ताई, तुमच्या गाडीत पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, टॉर्शन बार आणि वर-खाली आर्म. किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट. त्यात जॅक कुठे लावला यावर सगळं अवलंबून आहे. चासीखाली जॅक लावून चाक लोंबतं ठेवलं तर टॉर्शन बारचा ताण बॉल जॉइंटला दाबून धरतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. टॉर्शन बार ज्या आर्मला जोडला आहे त्या आर्मखाली, शक्य तितकं चाकाजवळ जॅक लावा, म्हणजे जॉइंटवरचा ताण सुटतो. मग टायरखाली पहार घालून चाक वर उचलून बघा. बॉल जॉइंटचा खरा प्ले तेव्हा दिसेल. त्यानंतर आर्मचे बुश, आणि स्टॅबिलायझर बारच्या लिंक असतील तर त्याही. लिंकचा ठोका बॉल जॉइंटसारखाच येतो आणि ती सर्वांत स्वस्त असते, तिच्यापासूनच बघा. वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर बोलू.

जांभा_दगड (चिपळूण)

रानवाटा ताई, तुमचं वाचून मीही काल गाडीखाली गेलो. डॅम्परचं टोक सोडून स्टिअरिंग हलवलं तर ड्रॅग लिंकच्या एका टोकाला प्ले आहे. नवं टोक मागवलंय. गुहागरच्या किनाऱ्याला जाणं होतं, त्यामुळे पाट्यांमध्ये गंज धरलाय, त्याचं काय करायचं?

पाटेवाला_कोल्हापूर

समुद्राचं पाणी किंवा वाळू लागली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. गंज धरलाच असेल तर पाटे उतरवून पानं सुटी करा, ब्रश मारून ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. जाड थापू नका, वाळू चिकटते. पानं गंजून एकमेकांना धरून बसली की पाटा लवत नाही, गाडी दगडासारखी आपटते आणि माणूस शॉकअप बदलत बसतो.

सह्यवाट (कराड)

काम झालं. डाव्या किंगपिनच्या वाट्यांत खाचा होत्याच, सरळच्या जागी हाताला स्पष्ट 'खट' लागत होतं. दोन्ही बेअरिंगं आणि मागचं सील नवं. काट्याने ओढून शिम बसवल्या. टाय रॉडची दोन्ही टोकं, पुढच्या शॅकलचे सगळे बुश रबराचे, पुढचे दोन्ही शॉकअप, मागच्या पाट्यांची जोडी, यू बोल्ट. उजवं व्हील बेअरिंग चांगलं निघालं, फक्त सेट केलं. शेवटी टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते माप) करून घेतला. डॅम्पर जुनाच ठेवलाय.

पुलाच्या त्याच जोडावरून ५० ला, ६० ला, ७० ला नेली. काही नाही. ब्रेकचा ठोका गेला. गाडी सरळ उभी आहे. पहिल्या गॅरेजच्या यादीतले फक्त पुढचे दोन शॉकअप कामाचे निघाले, दुसऱ्याच्या यादीतली फक्त मागची जोडी.

जंगलफिटर (चंद्रपूर)

अभिनंदन भाऊ. दोन कामं राहिली. नवे यू बोल्ट पाटा बसला की सैल होतात, त्यामुळे पहिले काहीशे किलोमीटर झाले की चारही बाजूंचे परत आवळा, गाडी चाकांवर उभी ठेवून, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात असे आलटून-पालटून. तेव्हाच डावं चाक परत एकदा बारा-सहाला हलवून बघा. नवी बेअरिंगं जागेवर बसताना किंगपिनचा दाब थोडा उतरतो, एखादी शिम अजून काढावी लागली तर घाबरू नका. उरलेल्या शिम गाडीच्या टूलकिटमध्येच ठेवा.